प्रत्येक साइटला वेगळा डार्क मोड: कुठे लावायचा, कुठे अजिबात नाही

चोपड्याहून एका ताईंनी विचारलंय. दिवसभर शाळा, घरचं आवरून रात्री दहानंतर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, बाजूला पोरगं झोपलेलं म्हणून ट्यूबलाइट बंद, आणि समोर जुना लॅपटॉप. पांढऱ्या पानाने डोळे चुरचुरतात म्हणून कोणीतरी सांगितल्यावर ब्राउझरमध्ये डार्क मोड चालू केला तर अर्ध्या साइट काळ्या झाल्या, अर्ध्या पांढऱ्याच राहिल्या, आणि एका फॉर्मच्या साइटवर तर टाइप केलेलंच दिसेना. आता त्यांचं म्हणणं असं की मला ज्या साइट काळ्या पाहिजेत तेवढ्याच काळ्या व्हाव्यात, बाकीच्या जशा आहेत तशाच राहू द्या, असं होतं का?

होतं ताई, आणि तसंच करायला पाहिजे. मी भुसावळला सोळा वर्षांपासून कॉम्प्युटर दुरुस्ती आणि वेबसाइट बनवायचं काम करतोय, बाजूला ऑनलाइन फॉर्म भरायचं टेबल पण आहे, आणि डार्क मोडमुळे अडकलेले लोक माझ्याकडे दर आठवड्याला येतात. त्यातल्या बहुतेकांचं एकच झालेलं असतं, आधी सगळं काळं करून टाकलं आणि मग बिघडलेली एकेक साइट शोधत बसले. हे उलट करा. सगळं जसं आहे तसं राहू द्या आणि काळ्या करायच्या साइट तुम्ही स्वतः निवडा. माझा सगळा सल्ला ह्या एका गोष्टीवर आहे, बाकी खाली जे सांगतोय ते फक्त ती कशी करायची एवढंच.

आधी गोंधळ कुठून होतो ते बघा. डार्क मोडची बटणं चार ठिकाणी असतात. एक विंडोजमध्ये, सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, कलर्स, तिथे लाइट, डार्क आणि कस्टम असतं. दुसरं ब्राउझरमध्ये, क्रोमला अपिअरन्समध्ये मोड म्हणून येतं आणि फायरफॉक्सला जनरलच्या पानावर वेबसाइट अपिअरन्स. तिसरं त्या साइटच्या स्वतःच्या आत, जसं यूट्यूबला प्रोफाइलच्या फोटोवर क्लिक केलं की अपिअरन्स दिसतं, विकिपीडियालाही २०२४ पासून वाचणाऱ्यांसाठी रंगाचा पर्याय आलाय. आणि चौथं म्हणजे जबरदस्तीने काळं करणारं, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) किंवा क्रोमचा फ्लॅग (आत लपलेलं प्रयोगाचं सेटिंग).

पहिली दोन बटणं साइटला काळं करतच नाहीत, इथेच सगळे फसतात. ती फक्त निरोप देतात. ब्राउझर साइटला सांगतो की ह्या माणसाला गडद रंग पसंत आहे, तुझ्याकडे काही असेल तर दाखव. ज्या साइटवाल्याने गडद रंगाची तयारी करून ठेवलीय ती काळी होते, ज्याने नाही केली ती पांढरीच उघडते, त्यात तुमच्या लॅपटॉपची काही चूक नाही. हा निरोप द्यायची सोय सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम तिघांत २०१९ मध्येच आली, म्हणजे त्याच्या आधी बनवलेल्या आणि नंतर कोणी हात न लावलेल्या साइटला असा काही निरोप असतो हेच माहीत नाही. तुमच्या अर्ध्या साइट काळ्या आणि अर्ध्या पांढऱ्या त्या ह्यामुळे.

मग लोक चिडून चौथ्या बटणाकडे जातात. क्रोमच्या फ्लॅग्जच्या पानावर ऑटो डार्क मोड फॉर वेब कन्टेन्ट्स नावाचा पर्याय आहे, तो एनेबल करून क्रोम रीस्टार्ट केलं की झाडून सगळ्या साइट काळ्या. व्हिडिओत बघून पोरं हेच करतात. माझं स्पष्ट मत आहे की रोजच्या कामाच्या मशीनवर हा फ्लॅग चालू करू नका. एकतर तिथे अमुक साइट सोडून दे असं सांगायला जागाच नाही, सगळं किंवा काहीच नाही असा कारभार आहे. दुसरं म्हणजे फ्लॅग हे प्रयोगाचं सामान, एखाद्या अपडेटला नाव बदलतं, एखाद्याला गायबच होतं. तुम्ही चालू केला असेल तर आधी तिथे जाऊन डिफॉल्टवर आणा, नाहीतर पुढे सांगतो ते करून काही फायदा नाही, फ्लॅग आणि एक्स्टेन्शन दोघं मिळून एकाच पानाला रंग देत बसतील.

जबरदस्तीने काळं केल्यावर नेमकं काय बिघडतं ते एका उदाहरणाने सांगतो. मागच्या वर्षी जूनमध्ये एका मुलाची कॉलेजची फी भरायची होती, शेवटचा दिवस, वडील केळीच्या बागेतून तसेच उठून आलेले. पेमेंटच्या पानावर क्यूआर कोड आला, वडिलांनी फोन लावला, फोन नुसता शोधतच राहिला. परत लावला, जवळून लावला, लांबून लावला. "भाऊ, हाऊ कोड लेत नही" म्हणे. मला आधी वाटलं कॅमेऱ्यावर धूळ आहे, शर्टाने पुसून दिली. मग नीट बघितलं तर कोडचे चौकोन काळ्याऐवजी फिकट आणि मागची जागा काळी. माझ्या पोराने त्या मशीनवर आदल्या रात्री डार्क मोड चालू करून ठेवला होता. क्यूआर कोड म्हणजे उजेड जागेवर गडद ठिपके, आणि चारही बाजूंनी मोकळी पट्टी, असं गृहीत धरून बरेच स्कॅनर चालतात, उलटा कोड काही ॲप वाचतात आणि काही वाचतच नाहीत. त्या साइटपुरतं बंद केलं, पान रिफ्रेश केलं, पहिल्या झटक्यात टिंग वाजलं. पण ती दहा मिनिटं त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलो नाही, आणि त्या दिवसापासून टेबलवरच्या मशीनला पैशाच्या आणि फॉर्मच्या साइटवर डार्क मोड पूर्ण बंद म्हणजे बंद.

कॅप्चाचं, म्हणजे फॉर्ममध्ये बघून टाइप करायच्या अक्षरांच्या चित्राचं, पण हेच. पारदर्शक चित्रावर काळी अक्षरं असतात, मागचं पान काळं झालं की अक्षरं त्यात बुडाली. चूक दाखवणारी लाल ओळ गडद पानावर तपकिरी दिसते, माणूस पुढे जा पुढे जा दाबत राहतो आणि फॉर्म काही पुढे जात नाही. ताई, तुम्हाला टाइप केलेलं दिसेना त्याचं कारण बहुतेक असं की साइटवाल्याने चौकटीची पार्श्वभूमी पांढरी करून ठेवलीय पण अक्षरांचा रंग सांगितलेला नाही, तो ब्राउझरवर सोडलाय. डार्क मोड चालू झाला की ब्राउझर आपल्या बाजूने अक्षरं पांढरी करतो, चौकट पांढरीच राहते, पांढऱ्यावर पांढरं. अशा वेळी घाबरून फॉर्म बंद करू नका, भरलेलं सगळं जाईल. चौकटीत क्लिक करून कंट्रोल आणि ए दाबा, निवडलेलं अक्षर वेगळ्या रंगात उमटतं, काय टाइप झालंय ते दिसतं. बाहेर रिकाम्या जागी क्लिक करून तेच दाबलं तर पानावरची लपलेली सगळी अक्षरं पण वर येतात. मी हे रोज वापरतो.

आता खरं काम. त्याच्यासाठी डार्क रीडर नावाचं एक्स्टेन्शन टाका, क्रोम, एज, फायरफॉक्स तिघांना मिळतं, ओपन सोर्स आहे, मी बरीच वर्षं वापरतोय. ब्राउझरच्या स्वतःच्या स्टोअरमधूनच घ्या आणि नाव नीट वाचा, मिळत्याजुळत्या नावाची बरीच असतात. टाकल्या टाकल्या ते सगळीकडे काळं करून टाकेल, तेच आपल्याला नको आहे. त्याच्या आयकॉनवर क्लिक करून सेटिंगमध्ये साइट लिस्ट उघडा. तिथे दोन पद्धती असतात, एक म्हणजे सगळीकडे चालू आणि यादीतल्या साइट सोडून, दुसरी म्हणजे एरवी बंद आणि फक्त यादीतल्या साइटवर चालू. शब्द व्हर्जननुसार थोडे इकडेतिकडे होतात, अर्थ हाच. तुम्ही दुसरी घ्या. हे एक केलं की सगळ्या साइट परत आपल्या मूळ रंगात येतील.

मग रात्री अभ्यासाला बसाल तेव्हा जी साइट डोळ्याला टोचते तिच्यावर असताना ऑल्ट, शिफ्ट आणि ए एकदम दाबा, ती साइट यादीत गेली, काळी झाली. परत दाबलं की यादीतून बाहेर. बस एवढंच. आठवडाभरात तुमच्या दहाबारा साइट यादीत जमा होतील आणि मग तुम्हाला ह्या गोष्टीकडे बघायचं पण काम राहणार नाही. ऑल्ट शिफ्ट डी दाबलं तर पूर्ण एक्स्टेन्शनच चालू बंद होतं, ते अडचणीच्या वेळी लक्षात ठेवा. यादीत हाताने पण लिहिता येतं आणि एखाद्या साइटचा फक्त एक भागही लिहिता येतो, म्हणजे साइटचं नाव, मग तिरकी रेघ आणि पुढचा भाग. एकाच साइटवर बातम्या पण आहेत आणि पैसे भरायचं पान पण आहे असं असेल तर हे फार कामाचं आहे.

आणखी एक सेटिंग बघून घ्या, डिटेक्ट डार्क थीम. ते चालू असलं की ज्या साइटचा स्वतःचा डार्क मोड आहे तिथे एक्स्टेन्शन हात लावत नाही. माझा नियमच आहे, साइटने स्वतः सोय दिली असेल तर आधी ती वापरायची, कारण ज्याने साइट बनवली त्याने रंग बसवून बघितलेले असतात, एक्स्टेन्शन फक्त अंदाज करतं. फक्त एवढं ध्यानात ठेवा की साइटच्या आत निवडलेला रंग बऱ्याचदा कुकीत (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) किंवा ब्राउझरच्या साठवणीत राहतो, तुम्ही हिस्टरीबरोबर कुकीज साफ केल्या की ती साइट परत पांढरी. इन्कॉग्निटोत, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खिडकीत, पण तसंच, तिथे पाहिजे असेल तर एक्स्टेन्शनच्या डिटेल्समध्ये इन्कॉग्निटोची परवानगी वेगळी द्यावी लागते.

परवानगीवरून आठवलं, हे नीट वाचा. असं कुठलंही एक्स्टेन्शन पानाचे रंग बदलायला पानाच्या आत शिरतं, त्यामुळे ते टाकताना सगळ्या साइटवरचा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी मागतं. डार्क रीडरवर माझा विश्वास आहे, पण बँकेच्या पानावर कोणीच कशाला पाहिजे? क्रोममध्ये एक्स्टेन्शन्सच्या पानावर डार्क रीडरच्या डिटेल्समध्ये जा, साइट ॲक्सेसमध्ये ऑन स्पेसिफिक साइट्स निवडा आणि तुमच्या वाचायच्या साइटच तिथे टाका. आता ते बाकी कुठे चालूच शकत नाही, बँक, फॉर्म, सातबारा, काहीच काळं होणार नाही आणि कोणी आत पण बघणार नाही. नवीन साइट काळी करायची तर आधी इथे टाकावी लागते, एवढा एक जास्तीचा हेलपाटा आहे, पण मला तो मान्य आहे. माझ्या आईच्या आणि दुकानाच्या मशीनवर मी असंच ठेवलंय.

लॅपटॉप जुना आहे म्हणालात, तर हे पण. डार्क रीडरमध्ये पान काळं करायच्या चार पद्धती आहेत, डायनॅमिक, स्टॅटिक, फिल्टर आणि फिल्टर प्लस. डायनॅमिक पानाचे सगळे रंग एकेक वाचून बदलतो, दिसायला सगळ्यात चांगला, पण चार जीबी रॅमच्या मशीनवर मोठ्या बातम्यांच्या साइटला जड जातो, पान उघडताना पांढरा झपाटा पण मारतो. तिथे त्या एका साइटपुरतं स्टॅटिक करून बघा, रंग जरा साधे येतात पण पटकन येतात. खाली ओन्ली फॉर असं साइटच्या नावाचं बटण असतं, ते दाबून मग बदल केला की तो तेवढ्या साइटलाच लागतो, बाकीच्यांना धक्का नाही. फिल्टर म्हणजे पूर्ण पान उलटं करून फोटो परत सुलटे करणं, मी तो शेवटचा उपाय म्हणून ठेवतो.

आता मराठी वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट जी इंग्रजी लेखांत कुठेच सापडणार नाही. काळ्याकुट्ट पानावर पांढरीशुभ्र देवनागरी वाचू नका. उजळ अक्षर गडद जागेवर जरा फुगून दिसतं, इंग्रजीला ते चालून जातं कारण अक्षरं सुटी असतात, पण आपल्याकडे वर शिरोरेघ, त्याच्यावर मात्रा आणि अनुस्वार, पोटात जोडाक्षर. 'ष्ट' आणि 'ष्ठ' समोरासमोर ठेवून बघा, बारीक फॉन्ट असेल तर दोन्ही एकच धब्बा दिसतात, 'द्ध' आणि 'ध्द'चं पण तेच, अनुस्वाराचा टिंब शेजारच्या मात्रेला चिकटतो. कायद्याचं किंवा व्याकरणाचं वाचताना हे परवडत नाही. म्हणून डार्क रीडरमध्ये कॉन्ट्रास्ट थोडा उतरवा, मी साधारण ऐंशी पंच्याऐंशीवर ठेवतो, सेपिया, म्हणजे पिवळट छटा, दहा पंधरा द्या म्हणजे अक्षर दुधाळ होतं, आणि पार्श्वभूमी पूर्ण काळी न ठेवता गडद राखाडी ठेवा. गूगलच्या मटेरियल डिझाइन नावाच्या डिझाइनच्या नियमांत पण डार्क थीमच्या पृष्ठभागासाठी १२१२१२ ह्या कोडचा गडद राखाडी सुचवलाय, पूर्ण काळा नाही. वर कंट्रोल आणि प्लस दाबून अक्षर एकदोन पायऱ्या मोठं करा, ब्राउझर प्रत्येक साइटचा झूम वेगळा लक्षात ठेवतो, म्हणजे हे पण साइटनुसारच झालं.

आणि ज्यांना ॲस्टिग्मॅटिझम आहे, म्हणजे चष्म्याच्या कागदावर सिलिंडर नंबर लिहिलेला असतो, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना काळ्यावरचं पांढरं अक्षर पसरल्यासारखं, कडेला वलय आल्यासारखं दिसतं. तुम्हाला तसं होत असेल तर हट्ट करू नका. पान पांढरंच ठेवा, विंडोजच्या डिस्प्लेमधला नाइट लाइट चालू करा, ब्राइटनेस उतरवा आणि पाठीमागे एक लहान दिवा लावा. खरं सांगायचं तर पूर्ण अंधारात बसणं हेच डोळ्याला जास्त जड जातं, पोरगं झोपलेलं असलं तरी भिंतीकडे तोंड केलेला झिरोचा बल्ब चालतो. दिवसा तर डार्क मोड नकोच. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात बांधावर उभं राहून फोनवर काळं पान वाचायचा प्रयत्न करा, स्वतःचा चेहराच दिसतो. डार्क रीडरला वेळ पण लावून देता येते, संध्याकाळी सातला चालू, सकाळी सहाला बंद, माझं तसंच आहे.

बॅटरी वाचते का असं पण लोक विचारतात. लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन असेल तर नाही म्हणूनच धरा, मागचा दिवा काळ्या पानालाही तेवढाच जळतो. ओएलईडीच्या फोनला, म्हणजे ज्याच्या स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो त्याला, वाचते, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ब्राइटनेस तीस ते पन्नास टक्के असताना सरासरी ३ ते ९ टक्केच बचत निघाली, पूर्ण ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७ टक्के. रात्री आपण पूर्ण ब्राइटनेसला फोन वापरतच नाही.

फोनवर साइटनुसार पाहिजे असेल तर सरळ ॲन्ड्रॉइडचा फायरफॉक्स टाका आणि त्यात डार्क रीडर, यादीची पद्धत तीच. सॅमसंगच्या इंटरनेट ब्राउझरचा डार्क मोड पण साइटना काळं करतो, तेव्हा त्यात फॉर्म भरायच्या आधी मेनूतून तो बंद करा.

अभ्यासाच्या पीडीएफ ही वेगळी गोष्ट आहे, ब्राउझरच्या डार्क मोडने पीडीएफचं पान बहुतेक वेळा पांढरंच राहतं, नुसती वरची पट्टी काळी होते. ती डाउनलोड करून ॲडोबी रीडरमध्ये उघडा, प्रेफरन्सेसमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे रिप्लेस डॉक्युमेंट कलर्सवर टिक करून पानाचा आणि अक्षराचा रंग तुमच्या मनाचा द्या. स्कॅन केलेल्या पीडीएफला हे लागू होत नाही, तो फोटोच असतो.

आणि ह्यातलं काहीच जमलं नाही किंवा करायला वेळ नाही तर दोन ब्राउझर ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर माणसांना मी हेच करून देतो. क्रोम वाचायला, त्यात डार्क पाहिजे तेवढा. एज फॉर्म आणि पैशाला, त्याच्या अपिअरन्समध्ये लाइट पक्कं करून ठेवायचं, 'सिस्टीमप्रमाणे' ह्या पर्यायावर सोडायचं नाही, नाहीतर विंडोज काळं झालं की तो पण निरोप द्यायला लागेल. एजमध्ये एकही एक्स्टेन्शन नाही. फॉर्मची प्रिंट किंवा पावती काढायची ती पण तिथूनच.

ताई, तुम्ही आज रात्री एवढंच करा, फ्लॅग डिफॉल्टवर, क्रोमचा मोड लाइटवर, डार्क रीडर टाकून फक्त यादीतल्या साइटवर चालू असं ठेवा, आणि तुमच्या रोजच्या तीन साइटवर ऑल्ट शिफ्ट ए. मग ती फॉर्मची साइट उघडून चौकटीत नाव टाइप करून बघा. अजूनही अक्षर दिसलं नाही तर त्या पानाचा फोटो काढून मला पाठवा, फक्त आधार नंबर झाकून.